भाग १९ : परग्रहाला ‘हॅलो’ म्हणायचं, पण कोणाला विचारून?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. नेहमीप्रमाणे माझे ‘अं’, ‘म्हणजे काय ना’ आणि मागे आरवणारा शेजारचा कोंबडा काढून टाकलाय, बाकी बोलले तसंच ठेवलंय. रेकॉर्डिंग केळशीहूनच आहे. ऑडिओत मध्येच समुद्राची गाज ऐकू आली तर तो इफेक्ट नाही, खिडकी उघडी राहिली होती.

एलियनवाल्या मागच्या भागावर एका श्रोत्याने विचारलं होतं, “ताई, ते आहेत की नाहीत ते राहू दे. असलेच, तर आपण त्यांना मेसेज पाठवावा का?” वाटलं होतं, दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळी होईन. वाचायला बसले आणि प्रश्न ‘पाठवावा का’ हा उरलाच नाही. ‘कोणी पाठवावा’ हा झाला. आजचा अख्खा भाग त्यावरच आहे.

आधी एक फरक नीट बघू. ऐकणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं. आकाशातून कुठून काही कृत्रिम सिग्नल येतोय का हे शोधण्याला सेटी म्हणतात. आपणच मुद्दाम ताकदवान सिग्नल सोडण्याला मेटी. नावं जुळी भावंडांसारखी आहेत, पण यातल्या जबाबदारीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ऐकायचं यंत्र बघायचं तर लांब जायला नको. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव, तिथून आत खोडद. तिथे आपला जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मधोमध आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’च्या तीन फाट्यांवर, सगळा पसारा साधारण २५ किलोमीटरचा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी ताणून या तबकड्या बनवल्या, म्हणून त्या हलक्याही झाल्या आणि स्वस्तही. कॉलेजात असताना विज्ञान दिनाला मी तिथे गेले होते. शाळांच्या बसची रांग गावाबाहेरपर्यंत होती, आणि एक लहान मुलगा तिथल्या माणसाला सारखं विचारत होता, “यातून बोलता येतं का?” नाही येत. जीएमआरटी बोलत नाही, फक्त ऐकतो. पण ऐकतो किती बारीक! १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापारेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण सिग्नल खोडदच्या या तबकड्यांनी थेट पकडला होता. यान पुढे आपटलं, तो भाग सोडा. कोट्यवधी किलोमीटर दूरच्या एका छोट्याशा ट्रान्समीटरचा आवाज जुन्नर तालुक्यात पोचला, हे लक्षात ठेवा.

या ऐकण्याने कोणाचं काही बिघडत नाही. तुम्ही ओटीवर बसून रस्त्यावरचं बोलणं ऐकताय, इतकंच. हाक मारली की मात्र तुम्ही कुठे बसलात ते समोरच्याला कळतं.

आता गंमत अशी, की अशी एक हाक मराठीतून मारून झालेली आहे.

१९७७ साली नासाने व्हॉयेजर ही दोन यानं सोडली. २० ऑगस्टला व्हॉयेजर-२ आणि ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१. नाव एक असलं तरी दोन नंबरचं आधी गेलं, यावर क्विझमध्ये हमखास प्रश्न असतो. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे. तिच्यावर शंभरावर चित्रं, पृथ्वीवरचे आवाज, साधारण दीड तासाचं संगीत आणि ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यात मराठी आहे. एका बाईच्या आवाजात, पृथ्वीवरच्या लोकांचे शुभ विचार तुम्हाला पाठवतोय आणि या जन्मी तुम्ही धन्य व्हावं, अशा अर्थाचं एक वाक्य आहे. ‘या जन्मी’! समोरच्याला किती जन्म असतात हे आपण गृहीतच धरून टाकलंय. मला ते फार आवडतं, पण ते पृथ्वीचं मत नाही, आपल्याकडचं आहे.

संगीतात केसरबाई केरकर आहेत. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या. भैरवीतली ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटं. ही रेकॉर्ड निवडली गेली तेव्हा अमेरिकेत तिची प्रत मिळेना, शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. व्हॉयेजर-१ उडालं त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई मुंबईत गेल्या. तो आवाज अजून प्रवासात आहे, आता जवळजवळ एक प्रकाश-दिवस दूर. म्हणजे तिथून निघालेला रेडिओ सिग्नल इथे यायला दिवसभर लागतो.

अभिमान वाटतो ना? मलाही वाटतो. पण आता नीट बघा हे कसं ठरलं. कार्ल सेगन यांच्या अध्यक्षतेखालच्या एका छोट्या समितीने काही महिन्यांत सगळं जमवलं. नमस्कार बहुतेक कॉर्नेल विद्यापीठ आणि आसपासच्या माणसांकडून रेकॉर्ड झाले. बोलणाऱ्यांना सूचना एवढीच, की परग्रहावर कोणी असेल तर त्यांना नमस्कार करा आणि थोडक्यात करा. बाकी ज्याचं त्याने ठरवायचं. त्यामुळे गुजराती नमस्कारात ‘संपर्क करा’ असं सरळ सांगून टाकलंय. चीनच्या अमॉय बोलीत ‘जेवलात का, वेळ मिळाला की या’ असं आमंत्रणच आहे. म्हणजे एका माणसाच्या सहज सुचलेल्या वाक्याने सगळ्या पृथ्वीच्या वतीने पाहुणे बोलावले. चित्रांत युद्ध, रोगराई, दारिद्र्य मुद्दाम ठेवलं नाही. आणि पृथ्वीच्या वतीने अधिकृत निरोप कोणाचा, तर संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांचा. दुसऱ्या महायुद्धात ते नाझी जर्मनीच्या सैन्यात होते आणि तो काळ त्यांनी झाकून ठेवला होता, हे १९८६ च्या सुमारास जगासमोर आलं. तोवर तबकडी शनीच्याही पुढे गेली होती. परत बोलावून ट्रॅक बदलता येत नाही.

सेगनना नावं ठेवायची नाहीत मला. त्या तबकडीने कोणाला धोका आहे असंही नाही. व्हॉयेजर-१ कुठल्याशा ताऱ्याच्या दीड-दोन प्रकाशवर्षं जवळून जायलाच सुमारे ४० हजार वर्षं लागणार आहेत. ती तबकडी खरं तर आपल्यासाठीच होती. पण तिच्या झाकणावर एक नकाशा कोरलाय. १४ पल्सार ताऱ्यांच्या खुणेवरून सूर्य कुठे आहे ते शोधता येईल असा. आपल्या घराचा पत्ताच म्हणा. तो देताना घरातल्यांना विचारलं नव्हतं.

रेडिओचं प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण तिथे वेग प्रकाशाचा. १६ नोव्हेंबर १९७४ ला पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीच्या नूतनीकरणाचा समारंभ होता, आणि त्या समारंभात फ्रँक ड्रेक आणि मंडळींनी तयार केलेला १,६७९ बिटांचा एक संदेश एम-१३ या तारकागुच्छाकडे सोडला गेला. तीन मिनिटांत काम झालं. पोचायला २५ हजार वर्षं, त्यामुळे तोही बराचसा दिखाऊच. पण ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी हरकत घेतली. त्याच वर्षी नोबेल मिळालेला माणूस, स्वतः रेडिओ खगोलशास्त्राचा जाणकार. त्यांचं म्हणणं, बाहेर कोण आहे हे माहीत नसताना आपण इथे आहोत हे ओरडून सांगणं धोक्याचं आहे.

मी ज्या टीममध्ये काम करते तिथे पेमेंटच्या पानावरचं एक बटण दोन पिक्सेल सरकवायचं असेल तरी दोघांचं अप्रूव्हल लागतं. टेस्टिंग होतं, रोलबॅकचा प्लॅन लिहावा लागतो. इथे सगळ्या मानवजातीच्या नावाने मेसेज गेला, ज्याला रोलबॅक नाहीच, आणि अप्रूव्हल समारंभाच्या आयोजकांचं!

लोक म्हणतात, अगं पण धोका म्हणजे नक्की काय? कोण येणार आहे इतक्या लांबून? मुद्दा रास्त आहे, त्याकडे येते. आधी आमच्या तालुक्यातली एक गोष्ट सांगते.

दाभोळ. आमच्याच दापोली तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखावर. पाचशे वर्षांपूर्वी ते आदिलशाहीतलं भरभराटीचं बंदर होतं. अरबस्तान, इराणपर्यंत व्यापार. मे १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला. आफ्रिकेच्या मालिंदीहून त्याला वाट दाखवायला एक जाणकार वाटाड्या मिळाला होता. कालिकत दाभोळपासून शेकडो मैलांवर. दाभोळकरांचा त्या भेटीशी काहीही संबंध नाही. मग १५०८ च्या मार्चमध्ये चौलला लढाई झाली. इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगिजांना हरवलं आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा त्यात मारला गेला. त्याच वर्षी डिसेंबर संपता संपता आल्मेदाचं आरमार सूड घ्यायला निघालं ते दाभोळवर आलं. गावं लुटली, जाळली, माणसं कापली.

बघा आता. वाट दाखवली मालिंदीच्या वाटाड्याने. स्वागत झालं कालिकतला. लढाई केली इजिप्त आणि गुजरातने. मेले दाभोळचे लोक. पहिल्या भेटीनंतर फक्त दहा वर्षांत.

स्टीफन हॉकिंग यांनी २०१० मध्ये कोलंबसचं उदाहरण देऊन इशारा दिला होता, तो सगळ्यांना माहीत आहे. पण मला दाभोळ जास्त पटतं. कोलंबसच्या गोष्टीत ‘ते दुष्ट होते’ एवढंच कळतं. दाभोळच्या गोष्टीत ठरवणारा एक आणि भोगणारा दुसरा, हे कळतं.

(जाता जाता. १५२४ मध्ये वास्को द गामा व्हाइसरॉय म्हणून परत आला, तेव्हा दाभोळच्या बाजूच्या समुद्रात त्याची जहाजं अचानक गदगदा हलली अशी नोंद आहे. आमच्या केळशीच्या वाळूच्या टेकडीचा अभ्यास करणाऱ्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्या टेकडीचा संबंध तेव्हाच्या त्सुनामीशी जोडला होता. यावर एक वेगळा भाग करायचाय.)

उलट बाजूचंही उदाहरण कोकणातलंच आहे, ते लपवणार नाही. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्यांना राहू दिलं. ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी काम करत नाहीत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणू लागले, मराठी त्यांच्या घरची भाषा झाली. म्हणजे अनोळखी माणूस आला की वाईटच होतं असं नाही. फरक आहे तो कोण कशा अवस्थेत आलं याचा. एकजण तोफा घेऊन आला, दुसरा ओल्या कपड्यांनी. परग्रहावरून आपली हाक ऐकून उत्तर देऊ शकणारा जो कोणी असेल, तो तंत्रज्ञानात आपल्यामागे असण्याची शक्यता फार कमी. आपल्याकडे रेडिओ येऊन जेमतेम सव्वाशे वर्षं झाली. या खेळात आपण सगळ्यात नवे.

आता अंतराचा मुद्दा. अगदी खरं आहे, ताऱ्यांमधली अंतरं अशी आहेत की आरमार घेऊन कोणी येईल ही कल्पना सिनेमातच बरी. दाभोळची गोष्ट तिथे जशीच्या तशी लागू होत नाही. पण नुकसान करायला जहाजच लागतं हे आमच्या धंद्यातला माणूस कधी म्हणणार नाही. अनोळखी मेलमधली अटॅचमेंट उघडायला कोणी घरी यावं लागत नाही. मिखाएल हिप्के आणि जॉन लर्नेड या दोघांनी २०१८ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं : बाहेरून आलेला गुंतागुंतीचा संदेश धोकादायक नाही याची खात्री आधी करून घेणं शक्यच नाही. आणि हानिकारक प्रोग्राम कशाला, नुसती माहितीही पुरते. उद्या खरंच उत्तर आलं आणि त्यात आपल्या हातात यायला नको असं काही शिकवलेलं असलं, तर ते कोणत्या देशाकडे राहणार? मला तरी एलियनपेक्षा या प्रश्नाची भीती जास्त वाटते.

दुसरा आक्षेप : आपले टीव्हीचे, रडारचे सिग्नल गेली कित्येक दशकं अवकाशात गळतच आहेत, मग आता लपून काय उपयोग? अर्धं खरं. गळणारे सिग्नल सगळीकडे पसरतात आणि फार लवकर क्षीण होतात. अरेसिबोसारखा झोत एकाच दिशेने, एकाच फ्रिक्वेन्सीच्या बारीक पट्ट्यात जातो, आणि तेवढ्या पट्ट्यात तो सूर्यापेक्षाही प्रखर असतो. गावात कंदील लावणं आणि समोरच्याच्या डोळ्यांवर टॉर्च मारणं यांत फरक आहे.

तिसरा आक्षेप मला खरोखर अडवतो. रशियाचे अलेक्झांडर झाइत्सेव्ह म्हणायचे, सगळेच जण नुसते ऐकत बसले आणि कोणीच बोललं नाही, तर विश्व कायमचं मुकं राहील. शिवाय गप्प बसणं हाही निर्णयच आहे, तोही आपण पुढच्या पिढ्यांच्या वतीनेच घेतोय. याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते काही फार दिमाखदार नाही. गप्प बसण्याचा निर्णय उद्या बदलता येतो. बोललेलं मागे घेता येत नाही. दोन्हीकडे अनिश्चितता असेल तर ज्यातून परत फिरता येतं ती वाट आधी धरावी.

मग नियम काय आहेत? १९८९ मध्ये इंटरनॅशनल अकॅडमी ऑफ अॅस्ट्रोनॉटिक्सने काही तत्त्वं तयार केली. सिग्नल सापडला तर आधी खात्री करा, मग जगाला सांगा, आणि आंतरराष्ट्रीय सल्लामसलत झाल्याशिवाय उत्तर पाठवू नका. चांगलं आहे. पण तो कायदा नाही, सज्जनांनी आपसात केलेला करार आहे, आणि मुळात तो सिग्नल सापडल्यानंतरचा आहे. आपण होऊन हाक मारायची असेल तर? १९६७ चा अवकाश करार दुसऱ्या ग्रहांवर आपली घाण नेऊ नका, तिकडची इथे आणू नका असं सांगतो. संदेशांबद्दल काही बोलत नाही.

जंतूंबाबत मात्र बरीच काळजी घेतली जाते. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने २००१ मध्ये हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेतले होते. तिथे जिवाणू आहेत का, ते खालून गेले की वरून आले, हा प्रश्न होता. नळकांडी निर्जंतुक करण्यावर केवढी मेहनत होती! आपले जंतू त्यांच्यात मिसळू नयेत म्हणून जेवढी शिस्त आपण पाळतो, तेवढी आपला आवाज पाठवताना का नाही?

आपल्याकडे गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायकांचं मतदान होतं. उभी बाटली की आडवी बाटली. अगदी निरक्षर आजीलाही शिक्का मारता येतो. कारण सरळ आहे, दुकानाचा त्रास जिला होतो तिला विचारायचं. पृथ्वीच्या वतीने बोलण्यासाठी असं जागतिक मतदान होणार नाही, हे मला कळतं. होऊही नये बहुधा, त्याचा निकाल काय लागेल देव जाणे. पण ‘सगळ्यांना विचारणं अशक्य आहे’ याचा अर्थ ‘कोणालाच विचारायला नको’ असा होत नाही. निदान प्रस्ताव आधी जाहीर व्हावा, हरकतीला मुदत असावी, विरोधात बोलणाऱ्यांचं नोंदलं जावं. ग्रामपंचायत पाणंद रस्त्यासाठीसुद्धा एवढं करते. २०१५ मध्ये काही शास्त्रज्ञांनी आणि इतरांनी एक निवेदन काढलं होतं, की जगभर चर्चा झाल्याशिवाय असे संदेश पाठवू नयेत. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, नॉर्वेतून १२ प्रकाशवर्षं दूरच्या ल्यूटेनच्या ताऱ्याकडे संगीताचे तुकडे पाठवले गेले. कोण थांबवणार? ज्याच्याकडे ट्रान्समीटर, त्याची पृथ्वी.

अजून एक संदेश वाटेत आहे, आणि तो अगदी दारात आलाय. ९ ऑक्टोबर २००८ ला क्रिमियातल्या येवपातोरिया इथल्या ७० मीटर तबकडीने ग्लीझ-५८१ या ताऱ्याकडे ५०१ मेसेज सोडले. ते निवडले होते बेबो नावाच्या सोशल मीडिया साइटवरच्या लोकांच्या मतांनी. हो, मतदान झालं होतं, पण एका साइटवर खातं असलेल्यांचं. तारा साधारण २० प्रकाशवर्षं दूर, म्हणजे मेसेज २०२९ च्या सुरुवातीला पोचतील. ते बेबो आता गेलं. तेव्हा युक्रेनकडे असलेला क्रिमिया २०१४ मध्ये रशियाने घेतला. उत्तर आलंच तर २०४९ च्या आधी येणार नाही. माझी भाची तेव्हा आजच्या माझ्याएवढी असेल, आणि फोन उचलायचा की नाही हे तिला ठरवावं लागेल.